लमाणाची वाट : डॉ. श्रीराम लागू यांची नाट्य-चित्रपट कारकीर्द

१. प्रास्ताविक

स्वातंत्र्योत्तर मराठी रंगभूमीचा अभ्यास आपण बहुधा नाटककारांच्या अंगाने करतो. शिरवाडकर, कानेटकर, तेंडुलकर, एलकुंचवार ही नावे घेतली आणि त्यांच्या संहितांचे कथानक, पात्रे, संवाद व आशय यांची चर्चा केली की नाटकाचा अभ्यास पूर्ण झाला, असा आपला समज होतो. हा समज अर्धवट आहे. नाटक हे वाचण्यासाठी लिहिले जाते तसे उच्चारण्यासाठीही लिहिले जाते. किंबहुना उच्चारण्यासाठीच ते आधी लिहिले जाते. छापील शब्द आणि प्रेक्षकाचा कान यांच्यामध्ये नट उभा असतो. प्रस्तुत घटकात आपल्याला या मधल्या माणसाकडे पाहावयाचे आहे, आणि त्यासाठी डॉ. श्रीराम लागू (१९२७–२०१९) यांची कारकीर्द निवडली आहे.

नटाचा अभ्यास करताना एक अडचण सुरुवातीलाच मान्य करावी लागते. चित्रकाराचे चित्र उरते, कवीची कविता उरते. रंगभूमीवरील नटाचा प्रयोग मात्र पडदा पडताच संपतो. इटलीची थोर अभिनेत्री एलिओनोरा दूझे हिने युरोप-अमेरिकेतील प्रेक्षकांना अनेक वर्षे मंत्रमुग्ध केले. पण पडद्यावर तिचा एकच चित्रपट, १९१६ सालचा ‘चेनेरे’, उरला आहे आणि तोही मूकपट. तिच्या आवाजाविषयी आपण केवळ वाचू शकतो. आपल्याकडील गणपतराव जोशी यांच्या ‘हॅम्लेट’बद्दलही हेच म्हणावे लागेल. लागू यांच्या बाबतीत परिस्थिती थोडी बरी आहे. रंगभूमीबरोबरच त्यांनी चित्रपटात दीर्घकाळ काम केले, अभिनयावर लेखन केले आणि आत्मचरित्रही लिहिले. म्हणून पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांपासून दूर असलेल्या विद्यार्थ्यालाही त्यांच्या कलेपर्यंत पोचण्याच्या काही वाटा मोकळ्या आहेत.

२. ‘लमाण’ हा शब्द

लागू यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘लमाण’ असे आहे. परभणी जिल्ह्यातील ताडकळस किंवा पूर्णा परिसरातील विद्यार्थ्याला हा शब्द समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मराठवाड्यात लमाण तांडे आजही गावोगावच्या शिवारांत आहेत. मात्र ज्या व्यवसायावरून हे नाव रूढ झाले, तो व्यवसाय आज उरलेला नाही. रेल्वे आणि पक्के रस्ते येण्यापूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून दख्खनच्या एका टोकाचा माल दुसऱ्या टोकाला नेणे, हे या समाजाचे काम होते. ‘लमाण’ या शब्दाचा संबंध ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दाशी जोडला जातो, तो यामुळेच.

नट हाही असाच वाहक आहे, अशी लागू यांची भूमिका होती. माल नाटककाराचा, तो प्रेक्षकाच्या दारापर्यंत पोचवावयाचा, एवढे नटाचे काम. वरवर पाहता ही केवळ नम्रता वाटेल. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या नटाने स्वतःला हमाल म्हणवून घेणे, हा एक प्रकारचा शिष्टाचार आहे, असेही कोणाला वाटेल. परंतु ही प्रतिमा थोडी उलगडून पाहिली तर तिच्यात एक कडक शिस्त दिसते. लमाणाने वाटेत मालात भेसळ करावयाची नसते. माल भिजू द्यायचा नसतो. आणि कोणता माल उचलावयाचा व कोणता नाकारावयाचा, हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागते, कारण मध्येच ओझे टाकून देता येत नाही. या तिन्ही गोष्टी लागू यांच्या कारकिर्दीत कशा दिसतात, हे पुढे पाहू. नट हा केवळ वाहकच असतो काय, हा प्रश्न मात्र मनात जागा ठेवावा. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रतिमेत नटाचे श्रेय काहीसे कमी लेखले गेले आहे.

३. शल्यविशारद ते नट

श्रीराम बाळकृष्ण लागू यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजी सातारा येथे झाला. वडील डॉक्टर होते. पुण्यात शालेय व महाविद्यालयीन शिक्षण घेऊन त्यांनी बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी मिळविली आणि नाक-कान-घसा या विषयात विशेष शिक्षण घेतले. नाटकाचे वेड वैद्यकीय महाविद्यालयातलेच. पुढे भालबा केळकर व इतर मित्रांसमवेत पुण्याच्या ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’मध्ये आणि नंतर मुंबईच्या ‘रंगायन’मध्ये त्यांनी हौशी व प्रायोगिक नाटके केली. वसंत कानेटकर यांचे ‘वेड्याचं घर उन्हात’ हे या काळातील महत्त्वाचे नाटक. दिवसा शस्त्रक्रिया आणि रात्री तालीम असा हा क्रम होता. उच्च प्रशिक्षणासाठी ते कॅनडा व इंग्लंड येथे गेले, तर १९६० च्या दशकात काही काळ पूर्व आफ्रिकेतील टांझानियात टाबोरा येथे त्यांनी वैद्यकीय सेवा केली.

१९६९ मध्ये त्यांनी वैद्यकीय व्यवसाय सोडला आणि कानेटकरांच्याच ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकापासून पूर्णवेळ व्यावसायिक नट म्हणून वाटचाल सुरू केली. या निर्णयाचे वजन आज चटकन लक्षात येत नाही. चाळिशी ओलांडलेला, परदेशात शिकलेला, हातात प्रतिष्ठित व्यवसाय असलेला माणूस रात्रीच्या प्रयोगांवर पोट भरावयास निघतो, हे त्या काळच्या मध्यमवर्गाला अनाकलनीय होते. तरुणपणी घर सोडून नाटक कंपनीत पळून गेलेल्या नटांच्या कथा मराठीत पुष्कळ आहेत. येथे मात्र सर्व काही मिळविल्यानंतर, हिशोब मांडून, शांत डोक्याने घेतलेला निर्णय आहे. आपल्यापैकी अनेकांनी नोकरी-संसाराच्या मध्यावर पुन्हा पुस्तक हाती घेतले आहे. त्यांना या निर्णयातील जोखीम अधिक नेमकी कळेल.

४. घशाचे डॉक्टर आणि शब्दाचा उच्चार

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. लागू यांचे विशेष प्रभुत्व वाचिक अभिनयावर होते आणि ‘वाचिक अभिनय’ याच शीर्षकाचे छोटे पण अतिशय उपयुक्त पुस्तक त्यांनी लिहिले आहे. घशाचा डॉक्टर आवाजावर लिहितो, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. आवाज ही दैवी देणगी नसून श्वास, स्वरयंत्र, जीभ, ओठ आणि टाळू यांच्या कामातून निर्माण होणारी, म्हणून सरावाने घडविता येणारी वस्तू आहे, ही दृष्टी त्यांच्या शिक्षणातून आलेली दिसते.

त्यांचे संवाद ऐकताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली म्हणजे शब्दाचे शेवटचे अक्षर. मराठी बोलताना वाक्याच्या शेवटी आवाज खाली पडतो आणि क्रियापद गिळले जाते. मराठी वाक्याचा अर्थ तर बहुधा क्रियापदातच असतो. लागू यांचे क्रियापद नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचे. दुसरी गोष्ट विराम. ते थांबत, पण श्वास संपला म्हणून थांबत नसत. पात्राला पुढचा शब्द शोधावा लागतो आहे किंवा नको असलेला शब्द टाळावा लागतो आहे, हे त्या थांबण्यातून कळे. तिसरी गोष्ट लय. लांबलचक स्वगतात आवाज चढवत नेण्याचा मोह नटाला होतो, कारण टाळी तेथे असते. लागू अनेकदा नेमक्या त्या ठिकाणी आवाज खाली आणत.

या शैलीला मर्यादाही होत्या. त्यांच्या बोलण्यात कधी कधी एक जडपणा येई. साध्या घरगुती वाक्यालाही अवाजवी वजन मिळे. हिंदी चित्रपटांतील ठरावीक साच्याच्या भूमिकांत तर हे वजन उसने वाटते, कारण ज्या शब्दांवर ते ठेवले आहे त्या शब्दांतच काही नसते. मालच हलका असेल तर लमाणाने बैल कितीही जपून हाकले तरी काय उपयोग?

५. ‘नटसम्राट’

वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ हे नाटक ‘दि गोवा हिंदु असोसिएशन’ने १९७० च्या अखेरीस रंगभूमीवर आणले. दिग्दर्शक होते पुरुषोत्तम दारव्हेकर. लागू यांनी गणपतराव बेलवलकर यांची आणि शांता जोग यांनी कावेरीची भूमिका केली. या नाटकासाठी शिरवाडकरांना १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची छाया नाटकावर आहे, परंतु लिअर हा राजा आहे, तर बेलवलकर हा राजाचे सोंग आयुष्यभर वठविलेला नट आहे. हा फरक मूलभूत आहे.

कथानक थोडक्यात असे. निवृत्त झालेले बेलवलकर आपली मिळकत मुलगा व मुलगी यांना वाटून देतात. मुलाच्या घरी अपमान वाट्याला येतो. मुलीच्या घरी तर चोरीचा आळ येतो. पती-पत्नी घराबाहेर पडतात, कावेरी जाते आणि एके काळचा नटसम्राट रस्त्यावर, बूटपॉलिश करणाऱ्या राजाच्या आश्रयाला येतो. इतक्या कथानकावर केवळ कौटुंबिक रडकथा उभी राहिली असती. ती तशी राहत नाही, याचे कारण बेलवलकरांची भाषा. हा माणूस दोन भाषा बोलतो. एक घरातील : मिश्कील, रांगडी, नातीशी खेळणारी. दुसरी रंगमंचावरील : भव्य, अलंकृत, पूर्वी केलेल्या भूमिकांच्या प्रतिध्वनींनी भरलेली. संकट वाढत जाते तसतशी पहिली भाषा आटत जाते आणि दुसरी तिच्यावर आक्रमण करते. अखेरीस स्वतःचे दुःख व्यक्त करण्यासाठीही या माणसाजवळ भूमिकेचेच शब्द उरतात.

नटापुढील पेच येथे आहे. दुसरी भाषा इतकी मोहक आहे की ती हाती लागताच नट वक्ता होतो. बेलवलकर हरवतो आणि टाळ्या घेणारा कलावंत उरतो. उलट ती भाषा दाबून टाकली तर नाटकाचा कणाच मोडतो. एका भाषेतून दुसरीत जाण्याचा सांधा प्रेक्षकाला दिसला पाहिजे. आपल्या बोलण्यातील हा बदल स्वतः बेलवलकरांना कधी कळतो आणि कधी कळत नाही, हेही उमगले पाहिजे. पहिल्या प्रयोगाच्या वेळी लागू यांचे वय अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते. वार्धक्य त्यांना रंगवावे लागले. पण सगळ्या सोंगांमागे स्वतःचा चेहरा शोधणारा नट त्यांना रंगवावा लागला नसावा.

नट खरोखर रडतो की रडण्याचे सोंग करतो, हा वाद फार जुना आहे. अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत दिदरो याच्या मते थोर नट आतून थंड असतो. त्याचे अश्रू मेंदूतून उतरतात. इटलीचा विख्यात शोकनट तोम्माझो साल्विनी याला हे मान्य नव्हते. भूमिकेची भावना नटाने अनुभवलीच पाहिजे, परंतु त्याच वेळी स्वतःवर लक्षही ठेवले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. याच साल्विनीचा ऑथेल्लो मॉस्कोत पाहून तरुण स्तानिस्लाव्हस्की भारावून गेला आणि पुढे त्याने आधुनिक अभिनयशास्त्राची उभारणी केली. लागू यांची गणना ‘बुद्धिवादी नट’ म्हणून केली जाते, म्हणून ते दिदरोच्या पंक्तीतले असावेत असे वाटते. माझे मत वेगळे आहे. ते साल्विनीच्या जवळचे होते. शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात स्थिर असतो, याचा अर्थ समोरच्या जिवाची त्याला फिकीर नसते असा नव्हे. फिकीर असते म्हणूनच हात स्थिर ठेवावा लागतो.

पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त आदी समर्थ नटांनी बेलवलकर साकारला आणि २०१६ मध्ये महेश मांजरेकर दिग्दर्शित चित्रपटात नाना पाटेकर यांनी. एकाच मालाचे इतके वाहक झाले आणि प्रत्येकाच्या हाती तो वेगळा दिसला. ‘लमाण’ या प्रतिमेची मर्यादा येथे स्पष्ट होते.

६. मालाची निवड

व्यावसायिक रंगभूमीवर लोकप्रियता मिळत असतानाच लागू यांनी अडचणीची नाटके हाती घेतली. विजय तेंडुलकर यांचे ‘गिधाडे’ हे त्यांपैकी सर्वांत गाजलेले. कुटुंबातील लोभ आणि हिंसा उघडी करणाऱ्या या नाटकाचे दिग्दर्शन त्यांनी १९७० मध्ये केले. गर्भपात सूचित करणारा साडीवरील लाल डाग परीक्षण मंडळाला आक्षेपार्ह वाटला. तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि तो लाल समजावा, अशी सूचना प्रेक्षकांना देण्यात आली. नियम पाळला गेला आणि नियमाचे हसेही झाले. परंतु हा किस्सा केवळ चातुर्याचा नमुना म्हणून सांगितला जातो तेव्हा त्यातील मुख्य मुद्दा निसटतो : लेखकाचा माल वाटेत बदलला जात असेल तर त्याची नोंद प्रेक्षकाकडे झालीच पाहिजे, ही वाहकाची जबाबदारी त्यात आहे.

गो. पु. देशपांडे यांचे ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ हे वैचारिक नाटक आणि मर्तिकाचे विधी करणाऱ्या, म्हणून ब्राह्मणांतही बहिष्कृत ठरलेल्या किरवंतांवरील प्रेमानंद गज्वी यांचे ‘किरवंत’ हीदेखील याच निवडीची उदाहरणे होत. ‘रूपवेध’ या संस्थेमार्फत त्यांनी प्रायोगिक नाटकांना आधार दिला.

त्यांच्या गाजलेल्या भूमिका एकत्र ठेवल्या की एक गोष्ट जाणवते. त्यांत शिक्षक फार आहेत. ‘हिमालयाची सावली’ या कानेटकरांच्या नाटकातील, महर्षी कर्वे यांच्या जीवनावर बेतलेले नानासाहेब भानू; चौकशीला सामोरे जाणारा ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’मधील प्राध्यापक; ‘पिंजरा’ आणि ‘सामना’ या चित्रपटांतील मास्तर; मृणाल सेन यांच्या ‘एक दिन अचानक’ (१९८९) मधील, पावसात घराबाहेर पडून कधीच न परतणारा प्राध्यापक; आणि वयाच्या सत्तरीनंतर मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’ या, अतुल पेठे दिग्दर्शित नाटकात साकारलेला सॉक्रेटिस. हे सर्व शब्दांवर जगणारे लोक आहेत. ज्या शब्दांवर ते जगले त्यांची किंमत मोजण्याची वेळ त्यांच्यावर येते. काही जण ती मोजतात, काही मोडून पडतात.

७. चित्रपट : ‘पिंजरा’ आणि ‘सामना’

व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ (१९७२) या चित्रपटाची प्रेरणा ‘द ब्ल्यू एंजल’ हा जर्मन चित्रपट होता. मात्र मराठी चित्रपट तमाशाच्या भूमीत पक्का रुजला आहे. गावाला नीतीचे धडे देणारा मास्तर तमाशातील नर्तकीच्या मोहात पडतो. तो मेला असे गाव मानते, त्याचा पुतळा उभारते. आणि शेवटी त्याच मास्तरच्या खुनाच्या आरोपाखाली तो स्वतः पकडला जातो. खरे सांगितले तर जीव वाचेल, पण पुतळा कोसळेल. तो गप्प राहतो. ज्या नटाची ख्याती आवाजासाठी, त्याने येथे मौनाचा अभिनय केला आहे. उत्तरार्धात खांदे, मान आणि चाल यांतून मास्तर कसा उतरत जातो, ते मुद्दाम पाहावे.

‘सामना’ हा जब्बार पटेल यांचा पहिला चित्रपट. लेखन तेंडुलकरांचे. १९७५ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात तो स्पर्धा विभागात होता. सहकारसम्राट हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) आणि त्यांच्या गावात येऊन पडलेला दारुडा मास्तर (लागू) यांच्यातील हा सामना आहे. हिंदुरावांकडे सत्ता आहे, गाडी आहे, माणसे आहेत. मास्तरकडे मारुती कांबळे या नाहीशा झालेल्या माणसाविषयीचा एक प्रश्न आहे, जो तो विचारत राहतो. निळू फुले यांचे सहज, सैल, मातीतले बोलणे आणि लागू यांचे शिकलेले, अडखळणारे, तरीही नेमके बोलणे यांतून दोन सामाजिक जगे समोरासमोर येतात. ऊस, कारखाना आणि सहकारी राजकारण जवळून पाहिलेल्या विद्यार्थ्याला या चित्रपटातील एकही प्रसंग परका वाटणार नाही. याच दिग्दर्शकाच्या ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये लागू यांनी अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे ही भूमिका केली.

हिंदीत त्यांनी पुष्कळ काम केले, त्यातील थोडेच लक्षात राहण्याजोगे आहे. ‘घरौंदा’साठी त्यांना सहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) मध्ये त्यांनी गोपाळ कृष्ण गोखले उभे केले. हिंदी चित्रपटांतील कमाईने प्रायोगिक नाटके करण्याची मोकळीक नटाला मिळते, हे व्यावहारिक सत्यही नोंदवावयास हवे.

८. रंगमंचाबाहेर

ईश्वराची संकल्पना कालबाह्य झाली असून तिला आता निवृत्त करावे, असे मत लागू यांनी जाहीरपणे मांडले आणि त्यावरून मोठे वादळ उठले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासमवेत त्यांनी महाराष्ट्रभर वाद-संवादाचे कार्यक्रम केले. सभागृहातील विरोधी प्रश्नांना ते शांतपणे उत्तरे देत. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग नामवंत कलावंतांनी केले, त्यांतही त्यांचा पुढाकार होता. त्यांची मते सर्वांना पटली नाहीत, पटण्याचे कारणही नाही. नट म्हणून त्यांचे मूल्यमापन करताना एवढेच पाहावे, की श्रोत्यांना रुचेल तेच बोलण्याची सवय त्यांनी रंगमंचावर लावून घेतली नाही आणि रंगमंचाबाहेरही नाही.

१९७४ मध्ये पद्मश्री, १९९७ मध्ये कालिदास सन्मान आणि २०१० मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप असे सन्मान त्यांना लाभले. मुलगा तन्वीर याच्या अकाली निधनानंतर त्याच्या नावाने लागू दाम्पत्याने रंगकर्मींसाठी ‘तन्वीर सन्मान’ सुरू केला. १७ डिसेंबर २०१९ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

९. स्वाध्याय

‘नटसम्राट’मधील बेलवलकरांचे कोणतेही एक दीर्घ स्वगत निवडा. प्रथम ते मनात वाचा. नंतर एकदा मोठ्याने, प्रत्येक वाक्यातील क्रियापद पूर्ण उच्चारून वाचा. कोणत्या शब्दापाशी थांबावेसे वाटले आणि का, हे समासात लिहा. घरातील कोणाला ऐकविता आले तर अधिक चांगले. ऐकणाऱ्याचे लक्ष कोठे सुटले, तेही नोंदवा.

राज्य नाट्य स्पर्धेच्या परभणी केंद्रावर किंवा आपल्या जवळपास हौशी संघाचा प्रयोग होत असल्यास तो पाहा. शक्य असल्यास संहिता आधी मिळवून वाचा. संहितेत नसलेले असे काय नटाने प्रेक्षकांपर्यंत पोचविले आणि संहितेतले काय वाटेत सांडले, यावर सुमारे ३०० शब्दांत टिपण लिहून ते संपर्कसत्रास येताना सोबत आणा.